उंबऱ्याची डावी बाजू

रोहिडारो, १० फेब्रुवारी १९८६

भाऊ सूमार,

सलाम. नऊ वर्षांत माझी पत्रं पाच आणि तुझी दोन. त्यातलं एक ईदचं कार्ड, त्यावर नुसती सही. कराचीत शाई मिळत नसावी, किंवा आमच्यासाठी मिळत नसावी.

इकडे सगळे बरे आहेत. तू गेलास तेव्हा भागभरी तुझ्या पाठीवर बसून विहिरीवर जायची, ती आता तेरा वर्षांची झाली आणि मला वाचायला शिकवते. पण हे पत्र तिच्याकडून लिहून घेतलेलं नाही. माझं वाकडंतिकडं अक्षर चालवून घे, कारण विषय तसाच आहे.

आपल्या यजमानाच्या, ठाकूर वैरिसालच्या घरचं तिसरं नातवंडही गेलं, ते मागच्या पत्रात कळवलंच होतं. सहाव्या दिवशी, छठीला, मी रीतीप्रमाणे उंबऱ्यापाशी बसलो, कमायचो छातीशी धरला, तारांवर गज फिरवला आणि सोढा कुळाच्या मूळपुरुषापासून गायला लागलो. तेवीस नावं. तेविसावं जेतमालचं, म्हणजे पोराच्या बापाचं. मग चोविसावं पोराचं नाव गायलं, सुईणीनं गूळ वाटला, सगळं छान झालं. एकतिसाव्या दिवशी पोर थंड. ना ताप, ना जुलाब. पहिलं असंच गेलं होतं, दुसरंही असंच. तिघांची नावं मी गायली आणि तिघांना मातीत ठेवताना मीच उभा होतो.

आता सूनबाई पुन्हा पोटुशी आहे. परवा ठकराणीनं मला अंगणात बोलावलं. म्हणाली, "आचर, खरं सांग. तू एखादं नाव गाळतोस का रे? गाळलेला पूर्वज रुसतो म्हणतात."

मी म्हटलं, "माजी, मी भाकर खायची विसरेन, पण नाव नाही विसरायचो."

"विसरणाऱ्याला विसरलेलं कुठं आठवतं?" म्हणाली.

बाबांनी तुला मांडीवर बसवून ती नावं शिकवली, मला तर नुसती कानावर पडून आली. तेव्हा तू तेवीसच्या तेवीस नावं कागदावर लिहून पाठव. मी ताडून बघतो.

आणखी एक गोष्ट. लिहू की नको असं होतंय. महिना झाला, दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालं की ठाकुराच्या उंबऱ्यापाशी कमायचो वाजतो. तिथं कुणी नसतं. मी वाजवत नाही, त्या वेळी मी घरात घोरत असतो. तुझ्या वहिनीला विचार, ती शपथेवर सांगेल.

अल्ला बेली.

तुझा भाऊ,
आचर


कराची, २४ फेब्रुवारी १९८६

दादा,

सलाम. शाई इथं मिळते, लिहायला तोंड मिळत नाही.

तेवीस नावं सोबतच्या कागदावर आहेत. तू गातोस तीच, त्याच क्रमानं. तुझं काही गळत नाही. तू फार तर गाण्याआधी गज कमायच्याच्या लाकडावर दोनदा ठक ठक आपटतोस, दार उघडा म्हणून सांगितल्यासारखा. बाबा त्यावरून तुला किती बोलायचे! पण तेवढ्यानं पोरं मरत नाहीत.

मी इथं पेट्यांचे भाते शिवतो. जुन्या सारंग्यांना, कमायच्यांना तारा चढवतो. स्वतः वाजवत नाही. ज्या दारात बाबांचा आवाज डब्यात कोंडून माझ्या तोंडावर मारला, ते दार सोडलं तेव्हाच वाजवणं सोडलं. नऊ वर्षं झाली तरी ती टेप माझ्या कानात फिरते. जेतमालची वरात, दोनशे पाहुणे, मी अकराव्या नावावर होतो, आणि ठाकुरानं हात वर केला. "बस रे. हे मेंढरू कधीचं ओरडतंय?" म्हणाला आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. कराचीहून आलेल्या कुण्या माणसानं बाबांचं गाणं कधीतरी भरून घेतलं होतं, ते. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मेलेला बाप गात होता, जिवंत मुलगा तोंड उघडं टाकून बसला होता, आणि सगळे हसत होते. तू मात्र डोकं खाली घालून बसलास. ठाकुराचं सोड, दादा, मी ते तुला माफ केलेलं नाही.

असो. एक ऐक. या वेळी तू गाऊ नकोस. घसा बसलाय म्हण, दात काढलाय म्हण, काहीही सांग. छठीला भिल्लांचा ढोल वाजू दे. आणि उंबऱ्यापाशी बसावंच लागलं तर डाव्या बाजूला बसू नकोस.

का म्हणून विचारू नकोस.

सूमार


रोहिडारो, ९ मार्च १९८६

भाऊ सूमार,

चोराच्या मनात चांदणं. तो आवाज उंबऱ्याच्या डाव्या बाजूनं येतो. पण हे मी तुला लिहिलं नव्हतं.

आधी इकडचं ऐक. ठाकुराला वाटत होतं की दोष त्या टेपचा आहे. मेलेल्यानं जिवंतांची नावं घ्यायची नसतात, आणि वरातीत बाबांच्या आवाजानं ती घेतली. त्यानं टेपमधली पट्टी हातानं ओढून बाहेर काढली. काळा ढीग झाला, गुडघ्याएवढा. तंदुरात घालून जाळला. वास असा सुटला की दोन दिवस त्या तंदुरात कुणी भाकरी लावली नाही. ठाकूर मिशीला पीळ देऊन म्हणाला, "संपलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणं आलं. ठाकूर उंबऱ्यापाशी चक्क पालथा पडला होता, कान जमिनीला लावून. त्याचा तो कुत्रा, पाहुण्यांच्या पोटऱ्या फोडणारा, लांब खेजडीच्या झाडाखाली शेपूट घालून बसलेला. मीही कान लावला.

सूमार, बाबांचं ते बोट आठवतं तुला? उंटानं चावलं होतं ते? त्यानंतर ते बोट ताठच राहिलं आणि प्रत्येक ओळीत बाबा तिसऱ्या सुरावर जरासे उशिरा पोचायचे. दुनियेत दुसरं कुणी तसं वाजवत नाही. जमिनीखाली ते तसंच वाजत होतं. तिसरा सूर उशिरा, प्रत्येक वेळी.

ठाकुरानं माझ्याकडं बघितलं. तोंडाला वाळू लागली होती. "हा तुझा बाप आहे की नाही?"

"ठाकूर, बाप कबरीत आहे."

"मग माझ्या उंबऱ्यात काय करतोय?"

मी घरी आलो आणि भिंतीवरचा बाबांचा कमायचो खाली काढला. तू गेलास त्या दिवसापासून त्याला तारा नाहीत. आतड्याच्या तारा, उंदरांनी खाल्ल्या असतील असं मी धरून चाललो. नऊ वर्षं बिचाऱ्या उंदरांना शिव्या घातल्या मी. आज खुंट्या नीट बघितल्या. तारा कुरतडलेल्या नाहीत, सोडवलेल्या आहेत.

तू घर सोडलंस त्या दिवशी काय केलंस?

घसा बसल्याचं सोंग मला घेता येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. वंशाची नावं गाणारा मांगणहारच दारात येऊन गप्प बसला तर त्या पोराला घरचेच मेलेलं धरतात. आई पाजत नाही, आजी काजळ घालत नाही. गायलं तर मरतं, नाही गायलं तर मारतात. मी काय करू ते सांग.

आचर


कराची, २२ मार्च १९८६

दादा,

हे पत्र भागभरीच्या हाती पडू देऊ नकोस.

पाहुणे जेवायला बसले होते. मी घरी आलो, बाबांच्या कमायच्याच्या तिन्ही मोठ्या तारा सोडल्या, माझ्या पगडीचं टोक फाडून त्यात बांधल्या आणि परत गेलो. ठाकुराच्या उंबऱ्याच्या डाव्या बाजूला कोपरभर खोल पुरल्या. कुणी बघितलं नाही. सगळ्यांची तोंडं ताटात होती.

रीत तुला माहीत आहे. मांगणहाराला यजमानाशी नातं तोडायचं असेल तर भर दिवसा, चार माणसांसमोर तारा आणि पगडी त्याच्या उंबऱ्यात पुरायची आणि मोठ्यानं सांगायचं, आजपासून हे दार आम्हाला मेलं. मग कुठलाही मांगणहार त्या दारात गात नाही, आणि प्रकरण तिथं मिटतं. मी पुरल्या, पण बोललो नाही. बोललो असतो तर ते दार तुलाही बंद झालं असतं. घरात तुझी पाच पोरं, बाजरीची कणगी त्या दारातून भरते. वाटलं, नुसतं पुरावं. माझं काळीज थंड होईल आणि तुझी चूल चालू राहील.

बाबा काय म्हणायचे ते मात्र मी विसरलो. न बोलता पुरलेली तार नातं तोडत नाही, ती खाली जागी राहते. तिच्यावर बसून ज्याचं नाव गाशील, त्याला ती खाली ओढते.

पहिलं पोर गेल्याचं तू कळवलंस, तेव्हा मी स्वतःला सांगितलं, पोरं जातात. दुसऱ्या वेळी सांगितलं, थरच्या वाळवंटात दवाखाना कुठं आहे. तिसऱ्या वेळचं तुझं पत्र मी उघडलंच नाही, दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवून दिलं. तू नावं विचारलीस तेव्हा कुठं ते काढून वाचलं.

ज्या हातानं पुरलं त्याच हातानं काढावं लागतं, हेही बाबाच म्हणायचे. पण मी येऊ शकत नाही. ठाकूर मला उभा चिरेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. तू काढून बघ. आपण एकाच बापाचे आहोत, चालेल कदाचित.

सूमार


रोहिडारो, ५ एप्रिल १९८६

सूमार,

पत्र वाचून मी चुलीत घातलं. मग बराच वेळ चुलीपाशीच बसून राहिलो. तुझी वहिनी म्हणाली, उन्हाळ्यात शेकता काय?

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे आपण नव्हतो रे. आपले आजोबा या ठाकुराच्या आजोबांबरोबर दुष्काळात पाच महिने चालले होते, त्यांच्याच मशकीतलं पाणी पिऊन. पण मी तुला रागावू शकत नाही. प्रयत्न केला, जमलं नाही.

काढून बघितलं मी. दुपारी गेलो, डाव्या बाजूला हात घातला. वाळू बाजूला करावी तेवढीच परत भरते. कोरडी वाळू, पण विहिरीतल्या पाण्यासारखी खालून वर येते. कोपरापर्यंत हात गेला आणि कुणीतरी माझं मनगट आतून बाजूला सारलं. ढकललं नाही, सूमार. बाबा आपल्याला ताटावरून हात बाजूला करायला लावायचे ना, तसं. "तुझं नाही ते." मी हात काढून घेतला आणि घरी आलो.

तेव्हा चालणार नाही. तुलाच यावं लागेल. सुईण म्हणते, या महिन्याच्या अखेरीस बाळंतीण मोकळी होईल. सूनबाई मला भेटली. पदराआडून म्हणाली, "आचरकाका, या वेळी माझ्या बाळाचं नाव जरा हळू गा. कुणाला ऐकू जाणार नाही असं." बावीस वर्षांची पोर आहे. तीन वेळा दूध आटवून घेतलंय तिनं. तिला मी काय सांगू?

ठाकूर चिरेल म्हणून घाबरतोस? चिरू दे. मी शिवून घेईन. ये.

आचर


चाचरो, १ मे १९८६, गुरुवार

दादा,

हे पत्र केकडा ट्रकच्या ड्रायव्हरकडे देतोय. टपावरचं पाणी मग उतरव, प्रवासीही मग, आधी हे आचर मांगणहाराच्या हातात दे असं बजावलंय. आज संध्याकाळी तुला मिळेल. उद्या छठी आहे, म्हणून ते आजच मिळायला हवं.

मी आज रोहिडाऱ्यात येऊन गेलो. आपल्या घराकडे वळलो नाही. का ते पुढं वाच.

भर दुपारी पोचलो. लू अशी की मोरसुद्धा भिंतीला चिकटून बसलेले. आवाज मी वेशीपासूनच ऐकला. तिसरा सूर उशिरा. मी चालत राहिलो. उंबऱ्यापाशी बसलो, वाळूवर हात ठेवला आणि आवाज थांबला. मी आल्याचं कळल्यावर बाबा वाजवायचे थांबायचे, तसा.

वाळू भरून आली नाही. कोपरभर खोल माझ्या पगडीचं टोक लागलं. तिन्ही तारा आत होत्या. दादा, नऊ वर्षं जमिनीत राहिलेलं आतडं कसं असायला हवं? मी रोज तारा हाताळतो, मला कळतं. या ओल्या होत्या. मऊ होत्या, आणि कोमट.

मान वर केली तर ठकराणी दारात उभी. छातीशी बाळ, डोळे मिटलेलं, मुठी आवळलेलं. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "सूमार, म्हातारा झालास रे." मग माझ्या हाताकडं बघून विचारलं, "सापडलं?"

"माजी, माझं सापडलं."

"आणि बाकीचं?"

मला कळलं नाही ती काय म्हणते. मी तारा खिशात घातल्या, खड्डा बुजवला, उठलो, आणि उठताना उजवीकडे पायाखाली काहीतरी लागलं. फडक्याचा कोपरा. हिरवं कापड, काठाला लाल दोऱ्याची फुलीची शिवण. ही शिवण सबंध थरात एकच बाई घालते आणि ती आपल्या घरात आहे. वर तीन गाठी. एकीनं तुझं कधी भागतच नाही.

दादा, कधी?

मी ती पुरचुंडी सोडली नाही. जिथं होती तिथं ठेवून वाळू लोटली. तिला माझा हात चालायचा नाही. ठकराणीनं पाणी दिलं, मी प्यालो आणि आलो तसा निघालो. तुझ्या अंगणात येऊन तुझ्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली नाही. नऊ वर्षं तुला भित्रा म्हणत होतो.

उद्या गाण्याआधी ती काढ. तुझ्या हातानं.

सूमार


रोहिडारो, २५ मे १९८६

भाऊ सूमार,

पत्र वेळेवर मिळालं. ड्रायव्हरनं बजावल्याप्रमाणे आधी पत्र दिलं आणि मग स्वतःला पाणी मागितलं.

रोजे चालू आहेत, थोडं थोडं लिहितोय. सगळं सांगून टाकतो.

वरातीत मी डोकं खाली घालून बसलो होतो, ते डोकं चौथ्या दिवशी वर आलं. तू घर सोडल्याचं कळलं आणि त्याच दुपारी ठाकुरानं निरोप धाडला की पाहुण्यांना निरोपाचं गाणं हवंय. मी गेलो, गायलो, जेवलो. परत आलो आणि माझ्या कमायच्याच्या तारा सोडल्या. तुझ्या वहिनीच्या ओढणीचा तुकडा घेतला. तुझ्यासारखंच, कुणी बघत नसताना पुरल्या. तुझ्यासारखाच गप्प राहिलो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि मांगणहाराचा पीळ तर आतड्याचा. संध्याकाळी नव्या तारा चढवल्या आणि दुसऱ्या दिवशी ठाकुराला सलाम केला.

बाबांचं बोलणं तू विसरला होतास, मी विसरलो नव्हतो. पहिल्या पोराचं नाव गाताना मला ते आठवत होतं. वाटलं, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. दुसऱ्या वेळी गाताना हात कापला. तिसऱ्या वेळी तो कापलाही नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि सांगून हलकं होईल असंही हे नाही.

म्हणून फेब्रुवारीत तुला लिहिलं. नावांची यादी मला नको होती, सूमार. जमिनीखाली बाबा वाजवताना मी ठाकुराच्या आधीच, जानेवारीत ऐकले होते; तेव्हाच समजलं की तिथं माझ्या तारांशिवाय दुसरंही काही आहे, आणि बाबांच्या तारांना तुझ्याशिवाय कोण हात लावणार? मला सोबती हवा होता. "डाव्या बाजूला बसू नकोस" हे वाचून मला इतकं बरं वाटलं की लाज वाटते. तुझ्यावर सगळं टाकून तुला बोलावलं आणि माझं मात्र पोटात ठेवलं. तुझ्या तारा निघाल्या की माझ्याही शांत होतील अशी आशा होती.

छठीच्या दिवशी सकाळी सडा टाकायच्या निमित्तानं लवकर गेलो. उजव्या बाजूला हात घातला. वाळू आली नाही, कुणी मनगट धरलं नाही. गाठोडं लगेच लागलं. तिन्ही गाठी शाबूत. सोडलं तर आत काही नाही. सगळं कुजून गेलं होतं. तारा वाळूतच मुरल्या. काढायला काही उरलंच नव्हतं.

मग माणसं जमली. जेतमालनं नवी पगडी घातलेली. सूनबाई पडद्याआड, पण तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या, सारख्या वाजत होत्या. ठाकूर म्हणाला, "आचर, सुरू कर." मी गज दोनदा लाकडावर आपटला आणि सुरू केलं. एक एक करत तेवीस झाली. चोविसाव्याची जागा आली. मी एक फेर जास्त वाजवला, मग आणखी एक. सगळे तोंडाकडं बघायला लागले. पोराचं नाव सगत ठेवलं होतं, ठकराणीनं कानात सांगितलं होतं.

मी गायलो, आचर.

सोढ्यांच्या वंशात मांगणहाराचं नाव! आधी कुणाला समजलंच नाही. मग ठाकूर मोठ्यानं हसला. "म्हातारा पेंगला! अरे, तू कधीपासून माझा नातू झालास?" सगळे हसले, ढोलवाला भिल्लसुद्धा. नऊ वर्षांपूर्वी हसले होते तसेच, त्याच दारात. पण या वेळी मला काही टोचलं नाही. ठकराणी हसली नाही. तिनं ओढणीनं पोराचं तोंड झाकलं आणि माझ्याकडं बघत बघत आत गेली.

आज एकोणतिसावा दिवस. उंबरा गप्प आहे. सगत गुटगुटीत झालाय, काल त्यानं माझ्या गजाचे केस मुठीत धरले ते सोडेना. मला ताप नाही, जुलाब नाहीत. फक्त पाय गुडघ्यापर्यंत थंड असतात, आणि तुझी वहिनी त्यावर रल्लीच्या गोधड्या टाकत राहते.

सव्वा महिना झाला, खालची ओढ माझ्यावर फिटली की तू ये. पोराचं नाव अजून कुणी गायलेलं नाही. तुझ्या तारा तू काढल्यास, तुझा हात मोकळा आहे. ते तूच गा. येताना माझ्यासाठी काही आणू नकोस.

मी रागावलेलो नाही. तूही आता राहू नकोस.

तुझा दादा,
आचर


रोहिडारो, ११ जून १९८६

सूमारकाकांना भागभरीचा सलाम.

मी तुमच्या पाठीवर बसून विहिरीवर जायचे म्हणे, मला आठवत नाही. पण तुम्हाला मी ओळखते, कारण अब्बा रोज तुमच्याविषयी बोलायचे.

अब्बा सत्तावीस मेला गेले. सगतच्या जन्मापासून तो एकतिसावा दिवस होता. सेहरीला उठले, पाणी मागितलं, म्हणाले पाय आता दुखत नाहीत, आणि गेले. तुम्हाला लगेच कळवायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. "तो धावत येईल आणि सव्वा महिना व्हायच्या आत तोंड उघडेल," असं म्हणाले. सव्वा महिना गेल्या आठवड्यात झाला. सगत बरा आहे. हसायला लागलाय.

अब्बांनी तुमची पत्रं मला दिली आहेत. चुलीत टाकलं असं त्यांनी तुम्हाला लिहिलं होतं, पण ते एकही पत्र कधी टाकत नसत. मी सगळी वाचली. आईला सांगितलेलं नाही.

ठकराणी आमच्याकडे आल्या होत्या. अनवाणी, आमच्या अंगणात, मातीवर बसल्या. ठाकूर मागून आले आणि कुंपणापाशीच थांबले. ठकराणी म्हणाल्या, "सूमारला लिही. त्यानं येऊन गायचं. चोविसावा आचर, पंचविसावा सगत. आमच्या घरात पुढं जो कुणी गाईल, त्यानं याच क्रमानं गायचं."

ठाकूर कुंपणापलीकडून म्हणाले, "मांगणहाराचं नाव आमच्या वंशात?"

"ते आपल्या पोराच्या जागी गेलंय," ठकराणी म्हणाल्या. "जागा त्याचीच आहे." जाताना ठाकुरांनी पायांतले जोडे काढून हातात घेतले आणि तसेच घरी गेले.

अजून एक लिहायचं आहे. चार दिवस झाले, दुपारी उंबऱ्यापाशी पुन्हा वाजायला लागलंय. या वेळी उजव्या बाजूनं. तिसरा सूर उशिरा येत नाही. आधी लाकडावर दोनदा ठक ठक होतं, मग सुरू होतं. सगत रडत असला तर गप्प होतो आणि तिकडं बघतो. ठकराणी तेवढ्या वेळापुरतं दार उघडं ठेवतात.

काल मी तिथं कान लावून सगळं ऐकलं. मला भीती वाटली नाही. अब्बा मूळपुरुषापासून तेवीस नावं वाजवतात. मग एक फेर जास्त वाजवतात, मग आणखी एक, आणि थांबतात. बराच वेळ थांबतात. पुढचं वाजवत नाहीत.

काका, ते तुमची वाट बघतात. या.

भागभरी